मागाच्या घरातली बाय-अँप सिस्टीम: हम, अर्थिंग आणि गेनचं एक पूर्ण प्रकरण

सोलापुरात पूर्व भागात पुढे घर आणि मागे मागाचं शेड अशी घरं अजून भरपूर आहेत, त्यातल्याच एका घरात बाय-अँप केलेली (म्हणजे स्पीकरचा खालचा आणि वरचा भाग वेगवेगळ्या अँप्लिफायरवर चालवलेली) स्टिरिओ सिस्टीम नीट करताना जे जे निघालं ते इथे सविस्तर लिहितोय. बाय-अँप आणि बॅलन्स्ड (सिग्नल दोन वायरींवर आणि जाळी वेगळी अशी जोडणी) या दोन गोष्टींबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं त्यातलं निम्मं ऐकीव असतं आणि त्यापायी लोकांचे कष्टाचे पैसे जातात. माझं मत आधीच सांगून ठेवतो, घरच्या सिस्टीममध्ये आधी अर्थिंग, मग गेन (अँप सिग्नल किती पट वाढवतो ते), आणि मग बाकी सगळं. दुसरा अँप, भारी केबल वगैरे त्याच्या नंतर.

घर टॉवेलच्या धंद्यातल्या एका काकांचं. धंदा आता मुलगा बघतो, काका संध्याकाळी निवांत खयाल ऐकत बसतात. हॉल १२ बाय १६ फूट, उंची १० फूट, खाली शहाबादी फरशी. शेड अंगणापलीकडे, त्यामुळे खिडक्या लावल्या की मागांची खटखट लांबून आल्यासारखी येते, ऐकायला अडचण होत नाही. स्पीकर थ्री-वे (खालच्या सुरांना वूफर, मधल्यांना मिडरेंज, वरच्यांना ट्वीटर), जमिनीवर उभे राहणारे, ६ ओहमचे, मागे चार-चार टर्मिनल आणि त्यांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या. एक जुना इंटिग्रेटेड अँप (व्हॉल्यूम आणि पॉवर अँप एकाच डब्यात), दोन पिनच्या प्लगचा. लॅपटॉपवरून चालणारा एक डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा), ज्याला आरसीए (साधं) आणि एक्सएलआर (तीन पिनचं, बॅलन्स्ड) दोन्ही आउटपुट आहेत. मुलाला कुणीतरी सांगितलं की बाय-अँप करा, आवाज दुप्पट उघडतो, म्हणून त्याने स्टेजवर वापरतात तसला एक पॉवर अँप आणला. मग डॅकच्या एक्सएलआरमधून हा नवीन अँप, तो खालच्या टर्मिनलला म्हणजे वूफरला, आणि डॅकच्या आरसीएमधून जुना इंटिग्रेटेड, तो वरच्या टर्मिनलला म्हणजे मिडरेंज आणि ट्वीटरला. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स पण इंटिग्रेटेडलाच जोडलेला.

तक्रारी तीन. सतत भणभण, म्हणजेच हम. माग सुरू झाले की ती वाढते आणि मधेमधे टक् टक् येतं. आणि तिसरी काकांच्याच शब्दात सांगतो, "गाणाऱ्याचा गळा आत गेलाय की रे, नुसता डग्गा घुमायलाय."

पट्ट्यांचं आधी बोलून घेतो कारण तो मुद्दा लहान आहे पण अँप जाळणारा आहे. बाय-अँप करताना त्या पितळी पट्ट्या चारही काढाव्याच लागतात. राहिल्या तर दोन अँपची आउटपुटं एकमेकांना थेट भिडतात आणि एक तरी अँप जातोच. इथे मुलाने त्या नीट काढल्या होत्या, त्यामुळे पुढे गेलो.

आता "आवाज दुप्पट उघडतो" याबद्दल. स्पीकरच्या आतला क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे सूर वेगळे करणारं सर्किट) जागेवर ठेवून दोन अँप लावणं म्हणजे पॅसिव्ह बाय-अँप. यात दोन्ही अँपना पूर्ण गाणंच जातं, खालचे सूर पण आणि वरचे पण. वूफरच्या अँपला वरच्या सुरांसाठी करंट द्यावा लागत नाही एवढंच, पण व्होल्टेज मात्र त्यालाही पूर्ण गाण्याचंच काढावं लागतं, ट्वीटरच्या अँपचंही तसंच. त्यामुळे जिथे एक अँप क्लिप होतो (म्हणजे क्षमता संपून आवाज फाटतो) तिथेच दुसराही होतो, आणि १०० वॅट अधिक १०० वॅट म्हणजे २०० वॅट असा हिशोब इथे लागत नाही. फायदा काय, तर वूफर जो मोठा करंट ओढतो त्याचा भार वरच्या अँपवर येत नाही, अँप अगदी स्पीकरजवळ ठेवता येतात. हा फायदा खरा आहे पण छोटा आहे, जमीन-अस्मानाचा फरक पडत नाही. हे मी काकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, ते म्हणाले आणलाय ना आता अँप, मग नीट तरी वाजू दे.

भणभण शोधायला सुरुवात कानापासून केली. गाणं बंद ठेवून वूफरजवळ कान नेला तर जवळपास शांत, आणि मिडरेंजमधून स्पष्ट गुरगुर. म्हणजे एक्सएलआरवर चाललेला भाग स्वच्छ आणि आरसीएवर चाललेला घाण, हा पहिला धागा हाताला लागला. मग एकेक केबल काढत गेलो. सेट-टॉप बॉक्सची छपरावरून आलेली कोअ‍ॅक्स केबल उपसली तशी गुरगुर एकदम पडली, अगदी मुलालाही दाराजवळून कळलं.

मग पॉवर अँपचा प्लग बघायला घेतला आणि तिथे मी सगळं बंद करायला लावलं. आधी आलेल्या वायरमनने हम कमी करायला प्लग उघडून अर्थची वायरच कापून ठेवली होती. हम थोडा कमी झालाही असेल, कारण अर्थ आणि केबलांतून फिरणाऱ्या करंटचा लूप एका जागी तुटला. पण अँपच्या पत्र्याला उलटा हात लावला की झिणझिण्या यायच्या, आणि काकूंनी ते आधीच सांगितलं होतं, कुणी मनावर घेतलं नव्हतं. अँपच्या आत २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आहे, उद्या त्याचं इन्सुलेशन गेलं तर पत्रा लाईव्ह होणार, चांगला अर्थ असेल तर एमसीबी पडेल, अर्थ नसेल तर ज्याचा हात लागेल त्याच्यातून करंट जाईल. इथे शहाबादी फरशी, पुसल्यावर ओली, घरात अनवाणी वावर. हम घालवण्यासाठी अर्थ तोडणं हा उपाय कुणीही, कधीही, कितीही शांत आवाजासाठी करू नये. मी पहिल्यांदा ती वायर परत जोडली, हम परत आला, येऊ दिला.

आता मूळ. घराचं सिंगल फेज कनेक्शन आणि मागांचं थ्री फेज कनेक्शन वेगळं, मीटर वेगळे, पण अर्थिंगचा खड्डा एकच, तो पण जुना, जीआय पाइपचा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत वाळते, खाली मुरूम आणि बेसॉल्ट, आणि खड्ड्यात पाणी कुणी घालत नाही, मग अर्थचा रेझिस्टन्स वाढत जातो. वरून मागांच्या मोटरींचं थोडंथोडं लीकेज त्याच वायरवरून जातंय. पुढच्या भिंतीवरचं सॉकेट आणि मागच्या भिंतीवरचं एसीचं सॉकेट, या दोघांच्या अर्थ पिनांमध्ये लांब वायर लावून मीटरवर बघितलं तर माग बंद असताना अर्ध्या व्होल्टच्या आत, माग चालू झाले की २ व्होल्टच्या वर. अर्थ म्हणजे सगळीकडे शून्य असं आपण धरून चालतो, पण या घरात एका हॉलमध्येच दोन वेगळे शून्य होते.

आणि हे २ व्होल्ट गाण्यात कसे शिरतात ते कळलं की बॅलन्स्डचं महत्त्व आपोआप कळतं. आरसीए केबलमध्ये बाहेरची जाळी एकाच वेळी दोन कामं करते, कव्हर पण तीच आणि सिग्नलची परतीची वाट पण तीच. दोन डब्यांच्या अर्थमध्ये फरक असला की करंट त्या जाळीतून वाहतो, जाळीच्या रेझिस्टन्सवर पडलेलं व्होल्टेज थेट सिग्नलमध्ये मिसळतं. इथे लूप असा होता की छपरावरची कोअ‍ॅक्स, सेट-टॉप बॉक्स, इंटिग्रेटेड, आरसीए, डॅक, आणि तिथून एक्सएलआरच्या पिन १ मधून पॉवर अँपचा अर्थ. एक्सएलआरमध्ये जाळी वेगळी, पिन १ वर, आणि सिग्नल दोन वायरींवर, पिन २ आणि पिन ३ वर. बाहेरचा आवाज दोन्ही वायरींवर सारखा चढतो आणि अँपचं इनपुट फक्त दोघांतला फरक बघतं, तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखाच दगड टाकला तर काटा हलत नाही तसं. बरेच जण म्हणतात की सिग्नल उलटा-सुलटा पाठवतात म्हणून नॉइज जातो, ते खरं कारण नाही, खरं कारण दोन्ही वायरींचा ग्राउंडकडे बघणारा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) सारखा असणं हे आहे. सिग्नल एकाच वायरवर असला तरी इम्पिडन्स सारखा असेल तर नॉइज तितकाच जातो.

अर्थात डब्याच्या आतही ते नीट केलेलं पाहिजे. पिन १ आत शिरल्याशिरल्या चेसिसला म्हणजे डब्याच्या पत्र्याला जोडलेली पाहिजे, बोर्डाच्या सिग्नल ग्राउंडला नाही, नाहीतर जाळीतला कचरा सर्किटमध्येच उतरतो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये यावर सविस्तर लिहिलं आणि तेव्हापासून या दोषाला पिन १ प्रॉब्लेम म्हणतात. इथला पॉवर अँप उघडून बघितला, पिन १ सॉकेटपाशीच पत्र्याला होती.

काम दोन बाजूंनी केलं. एक म्हणजे टीव्हीचा आवाज आरसीएऐवजी ऑप्टिकल केबलने डॅकमध्ये घेतला, काचेतून किंवा प्लास्टिकमधून उजेड जातो, करंट जात नाही, तो लूप कायमचा संपला. दुसरं म्हणजे लायसन असलेला इलेक्ट्रिशियन बोलावून नवीन अर्थिंगचा खड्डा घेतला. इथे एक गोष्ट मी आग्रहाने करून घेतली, नवीन खड्डा जुन्याला जाड पट्टीने जोडून घेतला. ऑडिओसाठी वेगळा स्वतंत्र अर्थ ही कल्पना आपल्याकडे फार चालते आणि ती धोक्याची आहे, कारण मागाकडे फॉल्ट झाला तर दोन अर्थांमध्ये मोठा फरक पडतो आणि तो फरक घरातल्या दोन डब्यांच्या पत्र्यांवर येतो. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच) बसवला. डॅक, लॅपटॉप, अँप, टीव्ही सगळं एकाच लाईनवर, एकाच ठिकाणच्या सॉकेटवर आणलं. टक् टक् येत होतं ते मागांच्या स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरचं, त्याच्या कॉइलवर झटका शोषणारा रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर लावला तसं ते जवळजवळ गेलं, पूर्ण गेलं असं म्हणणार नाही, रात्री शांततेत एखादा बारीक टिक् अजून येतो.

आता घुमणाऱ्या डग्ग्याकडे. हे कानाने ठरवायचं कामच नाही, साधा मल्टिमीटर पुरतो. स्पीकरच्या वायरी काढल्या, लॅपटॉपवरून १०० हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावला आणि दोन्ही अँपच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजले. ट्रान्झिस्टरचे अँप असे बिनलोड चालतात, व्हॉल्व्हचे अँप मात्र कधीही बिनलोड चालवू नका. टोन १०० हर्ट्झचाच घ्यायचा कारण साधे मीटर ५० हर्ट्झच्या आसपास बरोबर दाखवतात, १००० हर्ट्झला त्यांचा भरवसा नाही. इंटिग्रेटेड काकांच्या नेहमीच्या खुणेवर १ व्होल्ट, पॉवर अँप १.९ व्होल्ट. म्हणजे वूफरला साडेपाच डीबी (डेसिबल) जास्त. डॅकच्या आरसीएवर साधारण २ व्होल्ट आणि एक्सएलआरवर ४ व्होल्ट असणं हे आजकाल सर्रास असतं, म्हणजे तिथेच ६ डीबीचा फरक, आणि त्यात इंटिग्रेटेडचा व्हॉल्यूम कुणी हलवला की वरचे आणि खालचे सूर यांचं नातं पुन्हा बदलणार. गळा आत जायला दुसरं काय पाहिजे.

याच मोजणीत अजून एक छोटी युक्ती आहे, ती मला फार उपयोगाची वाटते. दोन्ही अँपचे काळे टर्मिनल ग्राउंडलाच आहेत याची खात्री करून मीटर दोघांच्या लाल टर्मिनलमध्ये लावायचा. गेन सारखा आणि फेज सारखी (म्हणजे दोन्ही सिग्नल एकाच वेळी वर-खाली होत) असेल तर आकडा शून्याजवळ येतो. फेज उलटी असेल तर दोन्हीची बेरीज दिसते. इथे ०.९ व्होल्ट आले, म्हणजे फेज बरोबर होती, फक्त गेन चुकलेला. २.९ आले असते तर एक अँप सिग्नल उलटवतोय हे तिथल्या तिथे कळलं असतं, आणि मग क्रॉसओव्हरच्या जागी, नेमका गळ्याच्या खालच्या पट्टीत, खड्डा पडतो.

तात्पुरतं पॉवर अँपची मागची नॉब कमी करून दोन्ही जुळवले, काका लगेच म्हणाले आता माणूस समोर बसलाय. पण घरात मुलं आहेत, इंटिग्रेटेडची नॉब फिरणारच. कायमचा उपाय म्हणून त्याच मॉडेलचा दुसरा पॉवर अँप घेतला, इंटिग्रेटेड आतल्या खोलीत जुन्या छोट्या स्पीकरना लावून दिला. अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर लावू का असं मुलाने विचारलं होतं. अ‍ॅक्टिव्ह हाच बाय-अँपचा खरा रस्ता आहे हे मी मानतो, त्यात प्रत्येक अँपला फक्त त्याचेच सूर जातात, आणि लिंकविट्झ आणि रायली यांनी १९७६ मध्ये मांडलेले फिल्टर वापरले तर क्रॉसओव्हरच्या जागी दोन्ही बाजू ६ डीबी खाली येऊन बेरीज सपाट मिळते. पण त्यासाठी स्पीकर उघडून आतला क्रॉसओव्हर काढावा लागतो आणि माईक लावून मोजून नवीन बसवावा लागतो. आतला तसाच ठेवून पुढे अजून एक लावला तर सूर दोनदा कापले जातात आणि फेज बिघडते. चांगले चालणारे स्पीकर त्यासाठी फोडायला मी नको म्हणालो.

मांडणी मग अशी केली की प्रत्येक स्पीकरमागे एक अँप, एक चॅनल वूफरला, एक वरच्याला. दोन्ही अँप आणि दोन्ही चॅनल एकाच घडणीचे म्हणून गेन आपोआप जुळतो. लांब वायर एक्सएलआरची, सात मीटर, आणि स्पीकरची वायर फक्त एक मीटर, २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची. उलटं केलं असतं तर सात मीटर स्पीकर वायरचा जाऊन-येऊन साधारण ०.१ ओहम मधे आला असता. फार नाही, पण बॅलन्स्ड लाईन असताना तो तरी कशाला घ्यायचा. अँपच्या मागे तीन जागांचा स्विच आहे, स्टिरिओ, पॅरलल आणि ब्रिज. आपल्याला पॅरलल पाहिजे, एकच इनपुट दोन्ही चॅनलना. ब्रिजवर चुकून गेला तर एक चॅनल उलटा होतो आणि वूफर-मिडरेंज एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, म्हणून स्विच पॅरललवर ठेवून वर टेप मारली. गेनचा स्विच ३२ डीबी आणि २६ डीबी असा होता. ३२ म्हणजे ४० पट, २६ म्हणजे २० पट. डॅकमधून ४ व्होल्ट येतात, ४० पटीची गरजच नाही, उगाच ट्वीटरमधून सूं सूं वाढते, म्हणून २६.

केबलची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तयार आणलेल्या दोन एक्सएलआर केबलपैकी एकीत पिन २ आणि ३ एका टोकाला अदलाबदल केलेल्या निघाल्या. अशी केबल एका बाजूला लावली की गाणारा मधे उभा राहत नाही, आवाज डोक्याभोवती पसरतो आणि बास गायब होतो, आणि माणूस अँपला दोष देत बसतो. बझरवर १ ते १, २ ते २, ३ ते ३ तपासायला अर्धं मिनिट लागतं, ते केल्याशिवाय केबल लावायची नाही. शेवटी काकांच्या दिवाणखान्यातल्या टेबलावर मायक्रोफोनची दोन कोअरची जाळीवाली केबल घेऊन दोन्ही नवीन सोल्डर केल्या, आधी वायर नि पिन दोन्हीला टिन लावून मग जोडलं की सांधा चमकदार बसतो, आणि कनेक्टरचा पत्रा पिन १ ला जोडला नाही.

शेवटची मोजणी. प्रत्येक अँपच्या दोन लाल टर्मिनलमध्ये काही मिलिव्होल्ट, म्हणजे जुळलं. माग चालू असताना गाणं थांबवलं तर मिडरेंजला कान लावल्याशिवाय काही ऐकू येत नाही. तानपुऱ्याचा खर्ज आधी भणभणीत बुडून जायचा, आता सुटा ऐकू येतो, काकांनी तो मुद्दाम परत परत लावून बघितला. चालू करताना आधी डॅक, मग अँप, बंद करताना आधी अँप, हे घरातल्या सगळ्यांना दाखवून दिलं, नाहीतर डॅकचा ठोका थेट स्पीकरवर जातो.

राहिलंय ते दोन. स्टेजचे अँप असल्यामुळे त्यांना पंखे आहेत, मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की ते सुरू होतात आणि हळू गाण्यात ऐकू येतात, त्यामागे मोकळी जागा ठेवून आणि बंद कपाटातून बाहेर काढून बरंच कमी झालंय. आणि दुसरं खोलीचं घुमणं. १२ फुटाच्या रुंदीत साधारण ४७ हर्ट्झला आणि १६ फुटाच्या लांबीत ३५ हर्ट्झला खोली स्वतःच वाजते, त्याला कुठलाही अँप किंवा केबल काही करू शकत नाही. भिंतीवर चादरी लावू का असं काका म्हणाले, घरात चादरींना काय तोटा, पण चादर वरचे सूर शोषते, खालच्यांना ती दिसतही नाही. स्पीकर भिंतीपासून अडीच फूट पुढे आणले तर बराच फरक पडेल, फक्त मधे दिवाण येतो. तो कुठे सरकवायचा ते काकू दिवाळीच्या सफाईत ठरवणार आहेत, तोवर स्पीकर दीड फुटावर ठेवलेत.